खोगीरभरतीची बाजू

मराठी समीक्षेत 'खोगीरभरती' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. ग्रंथात जे जे अनावश्यक, पाने वाढवण्यासाठी घातलेले, ते सारे खोगीरभरती. हा शब्द वापरणाऱ्यांपैकी कितीजणांनी घोड्यावर खोगीर घातले आहे, असे आम्ही विचारत नाही. आम्हीही घातलेले नाही. पण खोगिरातली भरती नीट नसेल तर घोड्याची पाठ सोलवटते आणि पाठ सोलवटलेल्या घोड्यावरून कोणताही प्रवास होत नाही, एवढे कळण्यासाठी पागेत चाकरी करावी लागत नाही. शब्दाचे रूपक करताना आपण वस्तूचे कार्यच विसरलो. या विस्मरणाची किंमत प्रवासवर्णनाच्या अभ्यासाला मोजावी लागली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

वर्गात प्रवासवर्णन शिकवताना आपण तयारीची प्रकरणे सर्रास ओलांडतो. तयारी म्हणजे माहिती, अनुभव म्हणजे साहित्य, अशी यामागची समजूत आहे. ती तपासण्यासाठी आम्ही जाणूनबुजून असा प्रवास घेतो की ज्यात तयारी टाळताच येत नाही: मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातून घोड्यावरून केलेला दीर्घ प्रवास.

या प्रवासाचे लोकप्रिय चित्र सर्वांना पाठ आहे. अफाट मोकळे रान, एकटा स्वार आणि स्वातंत्र्य. आजचा समीक्षक या चित्रावर तुटून पडतो. दुसऱ्याची भूमी 'रिकामी' ठरवून तीत स्वतःचा पराक्रम पाहणारी ही वसाहतवादी दृष्टी आहे, असे तो म्हणतो. आक्षेप रास्त आहे. परंतु रान रिकामे नाही याचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या पानांत असतो, ती तयारीची पाने तोही वाचत नाही.

त्या पानांत काय असते? पहिला प्रश्न केव्हा निघायचे हा. हिवाळा काढलेला घोडा वसंतात हाडांचा सापळा झालेला असतो; गवत हिरवे होऊन त्याच्या अंगावर मांस चढेपर्यंत, म्हणजे साधारण जूनपर्यंत, थांबावे लागते. हा घोडा चंदीवर नव्हे, चरण्यावर जगतो. म्हणून दिवसाची मजल स्वाराच्या जिद्दीने ठरत नाही. घोड्याला चरायला किती वेळ मिळाला यावर ठरते. रात्री त्याचे पुढचे दोन्ही पाय आणि मागचा एक पाय बांधणारा पायबंद घालतात. तेथे त्याला 'चोदर' म्हणतात. तो घालता आला नाही तर सकाळी घोडा दिसेलच असे नाही. खोगीर लाकडी, खाली लोकरीचा जाड नमदा. ओझे दोन्ही बाजूंना समतोल हवे. घोड्यांना सहसा नावे नसतात, ते रंगावरून ओळखले जातात. म्हणून रंगांचे शब्द शिकल्यावाचून हरवलेल्या घोड्याची चौकशीही करता येत नाही. तंबूकडे जाताना दुरूनच 'नोखोइ खोर', म्हणजे कुत्रे आवरा, अशी हाक द्यायची. यातली कोणती गोष्ट दुकानात मिळते? प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारावी लागते.

कुरणाचेच पाहा. मंगोलियाच्या १९९२ च्या राज्यघटनेनुसार कुरणे खासगी मालकीची होऊ शकत नाहीत. यावरून परका प्रवासी 'कोठेही तळ टाका' असा अर्थ सहज काढील. परंतु उन्हाळ्यात ओस दिसणारा वाडा बहुधा कोणातरी कुटुंबाचा हिवाळी मुक्काम असतो, आणि भोवतालचे उभे गवत मुद्दाम राखलेले असते. 'झुद' म्हणजे जनावरे मारणारा कडक हिवाळा. २०२३-२४ च्या झुदमध्ये सत्तर लाखांहून अधिक जनावरे दगावली. तेव्हा न चरलेले गवत म्हणजे काय, हे तेथील पशुपालकाला सांगावे लागत नाही. प्रश्न दोन घोड्यांच्या एका रात्रीच्या चाऱ्याचा नाही. ते रान वाचता येते की नाही, हा आहे.

हे आजचेच आहे असेही नाही. पोपचा दूत म्हणून मंगोल दरबारी निघालेल्या कार्पिनीला १२४६ च्या हिवाळ्यात कीव्ह येथे सांगण्यात आले की तुमचे घोडे पुढे जगणार नाहीत. मंगोल घोड्यांसारखे बर्फ उकरून खालचे गवत खाणे त्यांना येत नाही. त्याने घोडे तेथेच ठेवले. १२५३ मध्ये निघालेल्या रुब्रुकच्या विल्यमने व्यापाऱ्यांच्या सल्ल्याने घोड्यांऐवजी बैलगाड्या घेतल्या आणि महिन्याच्या वाटेला दोन महिने लागले, अशी तक्रार लिहून ठेवली. २००४ मध्ये काराकोरमहून हंगेरीकडे निघालेल्या टिम कोपला घोडेस्वारीचा फारसा अनुभव नव्हता; पहिल्या काही दिवसांतच त्याचे घोडे चोरीला गेले. तिघांच्याही लेखनात या जागी प्रवासी नायक नाही. तो विद्यार्थी आहे, आणि अधिकार स्थानिक माणसाकडे आहे.

ही पाने वगळा, म्हणजे काय उरते ते पाहा. मोकळे रान आणि एकटा स्वार. ज्या वीरनायकाचा आपण पुढे व्याख्यानांत निषेध करतो, तो आपल्याच वगळण्याने अर्धाअधिक घडलेला असतो. आधी उतारा कापायचा आणि मग उताऱ्यात स्थानिक माणूस नाही म्हणून लेखकाला दोषी ठरवायचे, हा न्याय नव्हे.

यावर कोणी म्हणेल की तयारीची प्रकरणे पुष्कळदा खरोखरच कंटाळवाणी असतात. असतात. दिशादर्शक यंत्र, सौरफलक, हलका तंबू आणि प्रायोजकांची नावे यांच्या याद्या आम्हीही उलटतो. पण म्हणूनच निवड करण्यासाठी कसोटी हवी. विकत आणलेल्या वस्तूंची यादी आणि विचारून मिळवलेले ज्ञान यांत समीक्षकाला फरक करता आला पाहिजे. सरसकट 'खोगीरभरती' म्हणून मोकळे होणे ही कसोटी नव्हे, आळस आहे.

आपल्याकडेही हेच होते. 'माझा प्रवास' उघडला की आपण झाशीकडे धाव घेतो. घरचे कर्ज, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता, वडीलधाऱ्यांची परवानगी ही गोडसे भटजींची 'तयारी' मागे पडते. पण दक्षिणेच्या आशेने निघालेला गरीब भिक्षुक १८५७ च्या वणव्यात सापडतो, हा त्या ग्रंथाचा खरा ताण त्या पानांतूनच उभा राहतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रवासवर्णनाचा उतारा नेमताना निघण्याआधीची पाच पाने त्यात असावीत, आणि परीक्षेत प्रवाशाने काय पाहिले यासोबत एक प्रश्न असाही असावा: निघण्यापूर्वी त्याने कोणाकोणाला काय विचारले? ज्या पुस्तकात याचे उत्तर सापडत नाही, त्याला खुशाल खोगीरभरती म्हणावे.