बँकेत ७८४, विक्री १,०००

ऑनलाइन विक्री करणाऱ्या घरगुती किंवा छोट्या व्यवसायाच्या करतयारीत पहिला प्रश्न उलाढालीचा असतो. वर्षभरात माल किती रुपयांचा विकला गेला? उत्तरासाठी विक्रेते बँकेचे पासबुक उघडतात आणि चूक तिथेच होते. पासबुकात दिसते ती हाती आलेली रक्कम. करखाते विचारते ती ग्राहकाने मोजलेली रक्कम. गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराच्या बाबतीत या दोन रकमा जवळपास एकच असतात. ऑनलाइन विक्रीत मात्र त्यांच्या मध्ये संकेतस्थळाचे कमिशन, कुरिअरचे बिल आणि दोन सरकारी कपाती येतात.

लोणच्याच्या बरण्यांची एक ऑर्डर घेऊ. मालाची किंमत १,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ५० रुपये. ग्राहकाने १,०५० रुपये भरले. कमिशन आणि कुरिअर मिळून २२० रुपये लागले असे धरू. या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ३९ रुपये ६० पैसे. जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली संकेतस्थळाने ०.५ टक्के टीसीएस कापला, ५ रुपये. प्राप्तिकराचा टीडीएस ०.१ टक्के, १ रुपया. विक्रेत्याच्या खात्यात ७८४ रुपये ४० पैसे जमा झाले.

विक्री ७८४ रुपयांची झाली नाही, १,००० रुपयांची झाली. मधल्या प्रत्येक रकमेचे वहीत वेगळे घर आहे. ग्राहकाने दिलेले ५० रुपये विक्रेत्याचे नव्हेतच, ते सरकारचे. २२० रुपये हा व्यवसायाचा खर्च. ३९ रुपये ६० पैसे ही भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट. नियमित नोंदणी असलेल्याला ती ५० रुपयांतून वळती करता येते. टीसीएसचे ५ रुपये जीएसटीच्या पोर्टलवर विक्रेत्याच्या नावे दिसतात, पण आपोआप हाती येत नाहीत. पोर्टलवर जाऊन ते स्वीकारावे लागतात, तेव्हा कुठे इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात जमा होतात. हे एक पाऊल राहून गेले, तर स्वतःचाच पैसा महिनोन्महिने पडून राहतो. उरलेला १ रुपया प्राप्तिकराच्या फॉर्म २६ एएसमध्ये उमटतो आणि विवरणपत्र भरून तो कराच्या हिशेबात धरता येतो किंवा परत मागता येतो.

एका ऑर्डरपुरते हे पैशांचे खेळणे वाटेल. वर्षाला अशा ३,००० ऑर्डरी गेल्या, तर विक्री ३० लाख होते आणि बँकेत २३ लाख ५३ हजार दिसतात. साडेसहा लाखांची ही दरी विक्रेत्याला दिसो न दिसो, खात्याला दिसते. संकेतस्थळ जीएसटीआर-८ या विवरणपत्रातून विक्रीचा आकडा दर महिन्याला कळवते, टीडीएसचा आकडाही कळवते, आणि टीडीएसची नोंद प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, जाऊन बसते. म्हणून तयारीचे पहिले काम एकच: संकेतस्थळाचा विक्री अहवाल, बँकेचा उतारा आणि एआयएस हे तीन कागद शेजारी ठेवून महिन्यामहिन्याचा मेळ घालणे. जुन्या पेढ्यांवर रोजमेळ लिहून झाल्याशिवाय दिवा मालवत नसत. ऑनलाइन विक्रेत्याने तो मेळ महिन्याला घातला तरी पुरते, पण वर्षअखेरीस बारा महिन्यांचा एकदम घालायचा म्हटले, की परत आलेल्या पार्सलांपाशी हिशेब हमखास अडतो.

परत आलेला माल हा या धंद्यातला सगळ्यात त्रासाचा भाग. ग्राहकाने पार्सल नाकारले, पत्ता सापडला नाही, बरणी फुटली. कारण काहीही असो, विक्री रद्द होते, पण कुरिअरचा खर्च बऱ्याचदा विक्रेत्याच्या माथी राहतो. अशा प्रत्येक परताव्यासाठी क्रेडिट नोट निघायला हवी. एका आर्थिक वर्षातल्या विक्रीची क्रेडिट नोट फार तर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत जीएसटीच्या विवरणपत्रात दाखवता येते. त्यानंतर त्या विक्रीवरचा कर कमी करून मिळत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलेला माल एप्रिलमध्ये परत येतो आणि मार्चच्याच विक्रीचे पैसेही एप्रिलमध्ये जमा होतात. विक्री मार्चची, जमा एप्रिलची. ही रक्कम ३१ मार्चला येणे म्हणून लिहावी लागते.

३१ मार्च हा दिवस मराठी घरगुती खाद्यउद्योगाला मुळातच गैरसोयीचा आहे. वर्षभराच्या मसाल्यासाठी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची खरेदी होते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. पापड, कुरडया, सांडगे यांचे वाळवण मार्चमध्ये सुरू होऊन मेपर्यंत चालते. म्हणजे खर्च एका वर्षात आणि विक्री दुसऱ्या वर्षात. पूर्वी व्यापाऱ्याला यातून वाट होती. प्राप्तिकरासाठी हिशेबाचे वर्ष निवडण्याची मुभा असल्यामुळे अनेक पेढ्या दिवाळी ते दिवाळी वर्ष धरत; लक्ष्मीपूजनाला जी नवी वही पुजली जाई, तीच करखात्यालाही चालत असे. १९८९ पासून सर्वांना ३१ मार्चला संपणारे एकच वर्ष सक्तीचे झाले. वहीपूजन राहिले, पण कायद्यातला त्याचा आधार गेला. आज वाळवण करणाऱ्या उद्योगाला भर हंगामात काम थांबवून शिल्लक मोजावी लागते: पोत्यातली मिरची, डब्यातली उडीद डाळ, उन्हात पडलेले पापड, छापून आणलेली लेबले, रिकाम्या बरण्या. ही मोजणी खरेदीच्या भावाने होते, विक्रीच्या भावाने नव्हे. संकेतस्थळाच्या गोदामात पडलेला मालही विक्रेत्याचाच असतो आणि तो मोजणीत धरावाच लागतो. ते गोदाम भिवंडीला असेल तर जीएसटी नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून त्याची नोंद हवी. परराज्यात असेल तर त्या राज्यात वेगळी नोंदणी घ्यावी लागते.

संकेतस्थळाशिवाय जी विक्री होते, तिचा धोका उलटा आहे. इन्स्टाग्रामवर फोटो, व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि यूपीआयने पैसे. कापणारे मध्ये कोणी नाही, पण पैसे येतात ते घरच्या बचत खात्यात. त्याच खात्यात भावाने पाठवलेली ओवाळणी, भिशीचे पैसे आणि मुलाच्या शिकवणीसाठी नवऱ्याने पाठवलेली रक्कमही येते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने बंगळुरू आणि इतरत्र हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या, त्या यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारावर. हिशेब २०२१-२२ पासूनचा होता. ज्यावर जीएसटीच नाही अशी भाजी विकणाऱ्यालाही नोटीस गेली. अनेक दुकानांनी क्यूआर कोड काढून फक्त रोखीने व्यवहार होईल अशा पाट्या लावल्या. अखेर जीएसटी नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी घेणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. खात्याचे चुकलेच, जमा झालेला प्रत्येक रुपया विक्रीचा धरून कर मागणे न्यायाला धरून नाही. पण ज्याचे खाते वेगळे आणि बिले क्रमाने होती, त्याला उत्तर देणे सोपे गेले असणार. व्यवसायासाठी वेगळे बँक खाते आणि वेगळा क्यूआर कोड यासाठी एक दिवस मोडतो. साऱ्या करतयारीत एवढ्या थोड्या श्रमात एवढे संरक्षण देणारे दुसरे काम नाही.

जीएसटी नोंदणी कधी लागते याबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांमध्ये जुनी माहिती अजून फिरते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्यासाठी २० लाख ही सर्वसाधारण मर्यादा. संकेतस्थळावर माल विकायचा तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात संकेतस्थळावरून विकण्यासाठी नोंदणीऐवजी पॅनच्या आधारे मिळणारा नावनोंदणी क्रमांक पुरतो. अट राज्याच्या सीमेची आहे. कोल्हापूरहून शेकडो मैलांवरच्या गडचिरोलीला पाठवलेली बरणी राज्यातली ठरते, तासाभरावरच्या निपाणीला पाठवलेली परराज्यातली. परराज्यात करपात्र माल गेला, मग तो संकेतस्थळावरून असो वा व्हॉट्सॲपवरून, की ४० लाखांची सवलत संपते. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना तेवढा काही प्रमाणात अपवाद आहे. घरून व्यवसाय चालवणाऱ्यांपैकी किती जणी पणजीची ऑर्डर घेताना हा विचार करत असतील? नियम इतका अव्यवहार्य आहे की तो बदलायला हवा, पण बदलेपर्यंत पाळावा लागेल.

२०२५-२६ या वर्षाच्या बिलांना आणखी एक वळण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणच्यावरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाकीटबंद चिवडा-फरसाणाचाही तसाच उतरला. मसाल्यावर आधीपासून ५ टक्के, न तळलेल्या पापडावर काहीच नाही. त्यामुळे एकाच वर्षात एकाच बरणीची बिले दोन दरांची निघाली. गणपतीच्या दिवसांतली विक्री १२ टक्क्यांची, दिवाळीच्या फराळाबरोबरची ५ टक्क्यांची. वर्षाची बेरीज करताना ही दोन खाती वेगळी ठेवावीत आणि सप्टेंबरआधीचा माल नंतर परत आला असेल, तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली आहे ना, हे पाहावे.

प्राप्तिकराचा भाग तुलनेने सोपा आहे. १९६१ च्या कायद्यातले कलम ४४ एडी निवासी व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि एलएलपी सोडून इतर भागीदारी संस्था यांना गृहीत नफ्याची सोय देते. उलाढाल २ कोटींपर्यंत, किंवा रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत हवी. बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि इतर विक्रीवर ८ टक्के नफा धरला की सविस्तर हिशेब पुस्तकांची सक्ती राहत नाही. मघाच्या ३० लाखांवर हा नफा १ लाख ८० हजार होतो. यातून कमिशन किंवा कुरिअरचा खर्च पुन्हा वजा करता येत नाही. दुसऱ्यांचा माल सुचवून कमिशन मिळवणाऱ्यांना ही सोय नाही. सोय घेऊन पुढच्या पाच वर्षांत ती सोडली, तर तिथून पाच वर्षे ती परत मिळत नाही.

६ टक्के हा किमान आकडा आहे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. खरा नफा १५ टक्के असेल तर १५ टक्केच दाखवणे रास्त. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत सर्वसाधारण दराने करपात्र असलेल्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. मग उत्पन्न कमी दाखवून बहुतेक छोट्या विक्रेत्यांच्या पदरात काहीच पडत नाही. तोटा मात्र होतो. पल्व्हरायझर किंवा पापड-यंत्रासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहते, आणि १ लाख ८० हजारांच्या उत्पन्नावर मिळणारे कर्जही तेवढेच लहान असते. हिशेब पुस्तकांची सक्ती नसली तरी आयटीआर-४ या अर्जात ३१ मार्चची मालाची शिल्लक, येणे, देणे आणि रोकड हे चार आकडे भरावेच लागतात. वाळवणाच्या हंगामात केलेली मोजणी इथे कामी येते.

तारखा थोडक्यात. गृहीत नफ्याची सोय घेणाऱ्याला आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. महाराष्ट्रातला नावनोंदणी प्रमाणपत्राखालचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. प्राप्तिकर विवरणपत्राची तारीख त्या त्या वर्षी खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी. २०२५ मध्ये ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि ऐनवेळी १६ सप्टेंबर झाली होती. उशीर झाला तर विलंब शुल्क ५,००० रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,००० रुपये. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली जाते.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ही जबाबदारी विक्रेत्याची आहे, संकेतस्थळाची नाही. विक्रेत्याचे खाते तिथे उद्या बंद पडले तर अहवालही हाताबाहेर जातात. या महिन्याचा विक्री अहवाल, परताव्याची यादी आणि कमिशनची बिले आजच उतरवून घरच्या संगणकात आणि आणखी एका जागी ठेवावीत.