दाराबाहेरची आई

मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात घर माणसांनी गच्च भरलं आहे, जेवायलाही सवड नाही. येशूला वेड लागलंय असं वाटून घरची माणसं त्याला न्यायला निघालेली. आई आणि भाऊ बाहेर उभे राहून आत निरोप धाडतात. तो उठत नाही. भोवती बसलेल्यांकडे पाहतो आणि देवाची इच्छा पाळणारे तेच आपले भाऊ, बहीण आणि आई, असं सांगतो.

हा उतारा आपल्या मंडळ्यांमध्ये वारंवार वाचला जातो, आणि फार वेळा भलत्याच कामाला लावला जातो. विश्वासात नव्याने आलेल्या मुलाला ‘आता आम्हीच तुझं कुटुंब’ म्हणायचं, इथवर ठीक. घरच्यांनी खरोखरच बाहेर काढलं असेल, तर याच शब्दावर तो जगतो. पण पुढे त्याला सांगतात, आईच्या दहाव्याला जाऊ नकोस, बहिणीच्या लग्नात जेवू नकोस. असं सांगणारे उपदेशक मी पाहिले आहेत. त्यांचं म्हणणं मला साफ अमान्य आहे.

त्याच मार्कचा सातवा अध्याय त्यांनी उघडावा. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर केलं की मुलगा जबाबदारीतून मोकळा, अशी पळवाट तेव्हा निघाली होती. त्यावरून येशू शास्त्री-परूशांना कडक शब्दांत सुनावतो. आज दशांश वेळेवर जातो आणि गावाकडच्या म्हाताऱ्याचं औषध राहतं. रोज संध्याकाळी प्रार्थनासभा असते आणि आईला महिनोन्‌महिने फोन नसतो. हे कुर्बानच झालं. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास नसलेल्यापेक्षाही वाईट ठरवतं.

लूकमध्ये आईबापांचा द्वेष करण्याची भाषा आहे, हे मी विसरलेलो नाही. मत्तयात तीच शिकवण ‘माझ्यापेक्षा त्यांच्यावर अधिक प्रीती करू नका’, अशी येते. ऐकायचं कुणाचं, असा पेच पडला तर देवाचं, एवढंच मी त्यातून घेतो. म्हाताऱ्या आईला जेवू कुणी घालायचं, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. वधस्तंभावर प्राण जात असतानाही येशू आईला आपल्या शिष्याच्या हाती सोपवतो.

मार्कचाच दहावा अध्याय मला याहून मोलाचा वाटतो. घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, असं वचन तिथे आहे. मिळणाऱ्यांत घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं सगळी आहेत, बाप नाही. या नव्या घराचा बाप एकच, स्वर्गातला. मग पाळकाने विश्वासी माणसांच्या घरचा नवा कर्ता होऊन बसावं, याला आधार कुठला?

मराठी ख्रिस्ती माणसाने टिळकांचं घर आठवावं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. टिळकांनी त्यांना सोडून दिलं नाही. पत्रं जात राहिली. पुढे त्या परतल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच, आणि ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांची वेगळी चूल मांडली गेली. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटलं, तेव्हा ते सोवळं सुटलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या बाईने काय सोसलं ते कळतं, आणि टिळकांना त्यातून सहज मोकळं सोडता येत नाही. पण बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी बळजबरी केली नाही. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती.

आईच्या दहाव्याला मुलगा गेला, पिंडाला हात न लावता मागे उभा राहिला, नंतर भावांबरोबर भांडी उचलली आणि रात्री वडिलांपाशी बसला, तर त्याने ख्रिस्ताला कुठे नाकारलं, हे त्या उपदेशकांनी मला शास्त्रातून दाखवावं.