कमोडची उंची गुडघ्याला विचारून ठरवा

बाथरूम नव्याने करायची ठरली की घरातली चर्चा टाइल्सच्या रंगापासून सुरू होते आणि नळांच्या चकाकीपाशी संपते. गेल्या काही वर्षांत या यादीत जमिनीला न टेकता भिंतीला टांगलेला कमोड आला आहे. दुकानदार त्याला ‘वॉल हंग’ म्हणतो, प्लंबरही तेच म्हणतो. तो सुटसुटीत दिसतो, टाकी भिंतीत लपते, खालची फरशी मोकळी राहते. त्यामुळे निवड बहुधा डोळ्यांनी होते. खरे तर ती गुडघ्यांनी व्हायला हवी. हा कमोड किती उंचीवर बसवायचा हे घरच्यांना ठरवता येते, हा त्याचा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा. नेमका तोच अनेक घरांत वाया जातो.

जमिनीवर बसणाऱ्या कमोडची उंची कारखान्यात ठरते. साध्या कमोडचे भांडे फरशीपासून साधारण 39-40 सेंटिमीटर उंच असते. ते ज्याला सोसते त्याला सोसते. भिंतीवरच्या कमोडची उंची मात्र भिंतीतून बाहेर येणारे दोन बोल्ट कुठे ठेवले त्यावर ठरते. ही मुभा एकदाच मिळते. टाइल्स लागल्या की उंची बदलायची म्हणजे भिंत फोडायची. तरीही त्या दिवशी घरातले कोणी जागेवर नसते आणि मिस्त्री नेहमीच्या हिशेबाने खूण करून मोकळा होतो.

खूण चार-पाच सेंटिमीटर खाली गेली तर काय बिघडते, असे तरुणांना वाटते. बसलेल्या स्थितीतून उठताना शरीराचा बहुतेक भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येतो. बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त दुमडलेला आणि उठण्यासाठी लावावा लागणारा जोर जास्त. संधिवात असलेली आजी किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले काका हे दिवसातून पाच-सहा वेळा करतात, त्यात एक-दोनदा मध्यरात्री. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उठल्या क्षणी रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. मग हात जवळच्या वस्तूकडे जातो: नळ, टॉवेलचा दांडा, बेसिनची कड. माणसाचे वजन पेलण्यासाठी यातले काहीच बसवलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीच्या पुढच्यांचे असते. ओली फरशी, अपुरा उजेड आणि उठ-बस हे तिन्ही एकत्र येण्याची घरातली हमखास जागा म्हणजे बाथरूम.

मग कमोड शक्य तितका उंच बसवावा का? तेही चूक. अमेरिकेच्या सार्वजनिक इमारतींत अपंगांसाठीच्या शौचालयात बैठकीची उंची 43 ते 48 सेंटिमीटर ठेवण्याचा नियम आहे. तो आकडा उचलून पाच फुटांच्या आजीच्या घरात लावला तर तिचे पाय अधांतरी राहतील, बैठकीची कड मांडीखाली रुतेल आणि मलविसर्जनाला लागणारा पायांचा आधार जाईल. आकडा पुस्तकातून आणू नये, घरातूनच काढावा. ज्या व्यक्तीला उठण्याचा सर्वाधिक त्रास होतो तिला खुर्चीवर बसवावे, पाय फरशीवर सपाट टेकवावेत, बाथरूममध्ये स्लिपर वापरत असतील तर त्या पायात असू द्याव्यात आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजावे. बैठक त्या मापाइतकी किंवा दोन-तीन सेंटिमीटर जास्त असली की पाय टेकतात आणि उठणेही सोपे जाते. घरात दोन बाथरूम असतील तर दोन्हींची उंची सारखी असलीच पाहिजे असे नाही.

हे माप भिंतीवर उतरवताना दोन चुका हमखास होतात. पहिली, माप कच्च्या जमिनीपासून घेतले जाते. नंतर मसाला आणि फरशी येऊन जमीन पाच-सहा सेंटिमीटर वर येते आणि कमोड तेवढाच बुटका होतो. म्हणून तयार फरशीची पातळी भिंतीवर आधी रेघ मारून ठरवावी. दुसरी, उंची चिनी मातीच्या भांड्याची धरली जाते. वर येणाऱ्या सीटची जाडी विसरली जाते. बसणारा माणूस सीटवर बसतो, माप तिथपर्यंतचे हवे.

उंचीचा विषय निघाला की उकिडवे बसण्याचा मुद्दा येतो आणि तो रास्त आहे. गुदमार्गाभोवती एक स्नायू पट्ट्यासारखा वळसा घालून असतो. खुर्चीसारखे बसल्यावर तो मार्गाला बाक देतो, उकिडवे बसल्यावर सैल पडून मार्ग सरळ होतो. बद्धकोष्ठ किंवा मूळव्याध असलेल्यांना हा फरक जाणवतो. उपाय सोपा आहे: पायांखाली वीतभर उंचीचे, न घसरणारे स्टूल. भिंतीवरच्या कमोडखाली जागा मोकळी असल्याने ते तिथेच सरकवता येते. मात्र तोल जाणाऱ्या वृद्धांनी ते वापरू नये आणि रात्री ते वाटेत राहू नये. दोन शौचालये असलेल्या घरात एक भारतीय पद्धतीचे राखणे, गुडघे धड असलेल्यांसाठी, आजही शहाणपणाचे आहे.

दुसरा प्रश्न भिंतीचा. 80 किलोचा माणूस भिंतीपासून 30 सेंटिमीटर पुढे बसला की भांडे तरफेसारखे काम करते: खालची कड भिंतीत दाबली जाते आणि वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात. कड आणि बोल्ट यांत 20 सेंटिमीटर अंतर धरले तर बोल्टांवरची ओढ 120 किलोची होते. धपकन बसले तर आणखी वाढते. म्हणून या कमोडचे वजन विटांच्या भरवशावर सोडायचे नसते. त्यासाठी लोखंडी फ्रेम मिळते; ती खाली स्लॅबला आणि मागे भिंतीला घट्ट बसते आणि भार जमिनीकडे नेते. युरोपच्या मानकात अशा भांड्याची 400 किलो भाराखाली चाचणी घेतली जाते. मात्र ती चाचणी भांड्याची असते. घरातल्या अर्ध्या विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीची चाचणी कोणी घेतलेली नसते. फ्रेमचे पैसे वाचवून बोल्ट थेट अशा भिंतीत ठोकणे ही बचत सर्वांत महाग पडते.

नव्या उंच इमारतींत अडचण उलटी असते. तिथल्या अनेक भिंती काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार वाहणाऱ्या असतात. टाकी लपवण्यासाठी त्यात खाच पाडणे, सळया कापणे म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांशी खेळ. अशा वेळी भिंतीला हात न लावता तिच्यापुढे फ्रेमपुरती नवी, बुटकी भिंत उभारावी. बाथरूमची 15-20 सेंटिमीटर जागा जाते, पण त्या भिंतीच्या माथ्यावर सामान ठेवायला कट्टा मिळतो.

तिसरा प्रश्न पाइपांचा. भिंतीवरच्या कमोडचे पाणी मागून, भिंतीतून जाते. जुन्या घरात मैलापाण्याचा पाइप फरशीतून वर आलेला असतो. तो वळवताना जोड आणि उतार चुकला तर ओल खालच्या घरातल्या छतावर उमटते आणि सोसायटीत भांडण उभे राहते. पाणी अडवणारा वाकडा पाइप लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीच्या 1775 सालच्या पेटंटमधून आला. त्या बाकात साठलेले पाणी गटारातली हवा घरात येऊ देत नाही. भांड्यातला बाक रोज फ्लश झाल्याने भरलेला राहतो. बाथरूमच्या जाळीखालचा मात्र सुकू शकतो. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत 300हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली, तेव्हा तपासात फरशीच्या जाळ्यांखालचे कोरडे पडलेले ट्रॅप हे प्रसाराचे एक कारण म्हणून पुढे आले. नवे भांडे कितीही देखणे असले तरी वापरात नसलेल्या जाळीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायला विसरू नये.

चौथा प्रश्न टाकीचा. टाकी लपली म्हणजे तिची दुरुस्ती संपली असे नाही. चांगल्या रचनेत फ्लशची बटणे असलेली पट्टी काढून आतले सगळे भाग बदलता येतात. विकत घेताना दुकानदाराला हे काढून दाखवायला सांगावे. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत क्षारांचा थर आतल्या रबरावर बसतो आणि पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. रंग भांड्यात उतरला तर रबर बदलायची वेळ आली. सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे विचारल्याशिवाय टाकी भिंतीत बंद करू नये.

ही खबरदारी घेतली तर फायदा खरा आहे. जुनी टाकी एका वेळी 10 लिटर सोडत असेल तर चार माणसांच्या घरात, माणशी पाच वेळा धरून, दिवसाला 200 लिटर जातात. 6 आणि 3 लिटरच्या दोन बटणांची टाकी नीट वापरली, म्हणजे पाचांतून एकदाच मोठे बटण दाबले, तर तेच काम 72 लिटरांत होते. जमिनीवरच्या कमोडभोवतीची पांढऱ्या सिमेंटची पिवळी पडणारी कड इथे नसते. फरशी एका फटक्यात पुसली जाते, कोरडी राहते, आणि कोरडी फरशी वृद्धांसाठी औषधाइतकीच मोलाची.

पण जिथे फ्रेमचा खर्च झेपत नाही, भिंत कच्ची आहे किंवा पाइप वळवणे धोक्याचे आहे, तिथे हा कमोड बसवूच नये. थोडा उंच, जमिनीवर बसणारा कमोड आणि शेजारी भक्कम दांडा ही निवड कमीपणाची नाही. आजीच्या दृष्टीने ती उजवीच ठरेल. दुकानदार आणि इंटिरियर डिझायनर यांनीही बजेट विचारण्याआधी घरात कोण कोण राहते हे विचारायला हवे.

ज्यांचे काम सुरू होणार आहे त्यांनी टाइल्स लागण्याच्या आदल्या दिवशी जागेवर हजर राहावे. बोल्टांची उंची स्वतः मोजावी, वीस बादल्या पाणी ओतून जोड तपासावेत, उघड्या पाइपांचे मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावेत. आणि धरायच्या दांड्यासाठी भिंतीत भक्कम आधार त्याच दिवशी घालून घ्यावा, आज घरात कोणाला त्याची गरज नसली तरीही.