फुंकरीची परीक्षा

दम्याने बेजार झालेल्या मुलाची उबळ थांबली की घरच्यांना हायसे वाटते आणि चारआठ दिवसांत औषधाचा पंप फडताळात जाऊन पडतो. मूल खेळू लागले म्हणजे रोग गेला, असा हा हिशेब आहे. तो साफ चुकीचा आहे. श्वासनलिकांच्या अस्तराचा दाह बाहेरून दिसत नाही. खोकला नसतानाही तो आत धुमसत राहतो आणि एखाद्या पडशाचे निमित्त होऊन मुलाला रातोरात इस्पितळात न्यावे लागते.

हा छुपा दाह मोजण्याचे साधन आता वैद्यकाच्या हाती आले आहे. उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड वायू असतो, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९९१ साली दाखविले. दमेकऱ्यांत तो अधिक असतो, हे दोन वर्षांनी दिसून आले. मुलाने यंत्राच्या नळीत सहा सेकंद फुंकावयाचे; दिवा विझविल्यासारखे जोराने नव्हे, संथ आणि एकसारखे. सुई नाही की रक्त नाही. अगदी लहान मुलांना मात्र हे साधत नाही. वायूचे प्रमाण अब्जात ३५ भागांच्या वर गेले, तर ॲलर्जीच्या जातीचा दाह असल्याचे मानण्यास बळकट आधार मिळतो. ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ५ ते १६ वर्षांच्या मुलांच्या निदानात हीच परीक्षा प्रथम करावयास सांगितले आहे.

पण आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. नाकाच्या ॲलर्जीनेही तो चढतो, आणि आकडा कमी असूनही दमा असू शकतो. ब्रिटनमध्येच सुमारे ५०० मुलांवर केलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लक्षणांच्या जोडीला हा आकडा पाहून औषध ठरविल्याने दम्याचे झटके काही कमी झाले नाहीत.

आमच्या मते या परीक्षेचा खरा उपयोग निराळाच आहे. स्टेरॉइडचा पंप नियमित घेतला की हा आकडा बहुधा उतरतो. तो उतरत नसेल, तर मात्रा वाढविण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारावे : पंप रोज घेतला जातो काय? औषध छातीत पोचते, की तोंडातच राहते? ‘पंपाची सवय लागते’ या खुळ्या भीतीने कोणी तो लपवून तर ठेवीत नाही ना?

ज्या गावी हे यंत्र नाही, तेथील आईबापांनी त्याची वाट पाहत बसू नये. दम्याचे निदान आणि उपचार त्यावाचूनही होतात. पंप आधी फडताळातून खाली काढावा आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून तो परत वर ठेवू नये.