नळाचे पाणी बिघडते कोठे?

मुलगा अकोल्याला नाहीतर अमरावतीला शिकायला ठेवला आणि आषाढात हगवण लागून घरी आला, की आई पहिला बोल धरणाला लावते. धरणाचा यात दोष थोडा. अकोल्याचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीचे मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. दोन्हीकडे तुरटीने गाळ बसवून, वाळूतून गाळून, क्लोरिन घालूनच ते शहरात सोडतात. बिघडते ते पुढे, वाटेत.

अकोल्यात नळ रोज येत नाही, हे तेथे खोली करून राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मधल्या दिवसांत नळी रिकामी असते. गल्लीत पाहा, घरोघरच्या नळ्या नालीतूनच गेलेल्या दिसतील. जोडाला चीर असली, की भरल्या नळीतले पाणी बाहेर गळते आणि रिकाम्या नळीत नालीचे आत शिरते. त्यात कोणी नळालाच मोटर लावली, तर ती शेजाऱ्याचे पाणी ओढतेच, नालीचेही ओढते. भांडण मात्र पाण्याच्या वाट्यावरून होते, रोगाच्या वाट्याचे कोणी बोलत नाही.

म्हणून बायांनो, नळ आला की पहिल्या दोन-तीन बकेटी धुण्याभांड्याला काढा, पिण्याचे मागून भरा. तुरटी फिरवली की पाणी नितळ होते, पण नितळ पाण्यातही जंतू राहतात. निदान पावसाळाभर पाणी खळखळ उकळावे. जळण परवडत नसेल तर क्लोरिनचे औषध आणावे, बाटलीवर लिहिले तेवढेच घालावे आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात ते वाया जाते, तेव्हा आधी गाळून घ्या. वासाने पोरे नाक मुरडतील, मुरडू द्या. नळाच्या शेवटच्या घरीसुद्धा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवे. माठात हात बुडवू नये, ओगराळे ठेवावे. आणि झाकून ठेवलेले कालचे चांगले पाणी 'शिळे' म्हणून नालीत ओतण्याची आपली चाल टंचाईच्या मुलखात शोभत नाही.

खारपाणपट्ट्यातल्या घरांची गोष्ट निराळी. पूर्णेकाठच्या बोअरचे पाणी कितीही उकळा, खारटपणा जात नाही. पाणी आटते तसा तो उलट वाढतो. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना याचसाठी झाली. नळ लांबला तर त्याचे साठवलेले पाणी पिण्या-रांधण्याला राखा, बोअरचे बाकी कामाला.

नळ बंद पडला की काय होते, ते मेळघाटाने जुलै २०२२ मध्ये पाहिले. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत वीजबिल थकले, पाणीयोजनेची वीज तोडली गेली, लोक उघड्या विहिरीचे पाणी प्याले. शेकडो आजारी पडले, काही दगावले. तेव्हा योजनेचे वीजबिल ही सरपंच-सचिवाचीच बाब आहे असे समजू नका.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ बायांना पाणी तपासण्याचा संच वापरायला शिकवायचे आहे. तुमच्या गावात त्या पाचजणी कोण, संच कोणत्या कपाटात आहे आणि मागचे बिल कधी भरले, हे येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.