वाकणार नाही!

वाकणं हा सद्गुण आहे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. देवापुढे वाका, वडीलधाऱ्यांपुढे वाका. मान्य! पण बहात्तराव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या गराजमध्ये, गवत कापायच्या यंत्राला मी साष्टांग नमस्कार का घालावा?

यंत्र बसून चालवायचं, पण पाती त्याच्या पोटाखाली. त्यांना धार लावायची, चिकटलेलं गवत खरवडायचं, तर माणसानं खाली जावं, नाहीतर यंत्रानं वर यावं. मी लिफ्ट आणली. आता यंत्र पुढची चाकं उचलून उभं राहतं आणि मी स्टुलावर बसून कानस चालवतो.

मित्र हसतात. "लिफ्ट लागते? म्हातारे झालात!" अहो, झालोच आहे! विहिरीत न उतरता रहाटानं पाणी काढणाऱ्याला कुणी म्हातारा म्हणतं का?

चिरंजीव म्हणतात, "बाबा, माणूस लावा." म्हणजे गवत त्यानं कापायचं आणि मी खिडकीत बसून वाळायचं! १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगनं या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की, गृहस्थांनी ते स्वतः चालवावं, करमणूक होते आणि व्यायामही. हा व्यायाम मी नोकराला का दान करू?

हां, स्पार्क प्लगची वायर काढल्याशिवाय आणि खाली भक्कम टेकू दिल्याशिवाय मी पात्याला हात लावत नाही. वाकायचं सोडलंय मी, अक्कल नाही!