आडनावातील ओलाफ

१८३५ साली इंग्रजी शिक्षणाची तरफदारी करणारे टिपण लिहिणाऱ्या थॉमस मेकॉलेचे नाव आपल्या परिचयाचे आहे. इंग्रजीच्या या कट्टर अभिमान्याचे आडनाव मात्र इंग्रजी नव्हे. गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. ‘ऑले’ हे नॉर्वेकडील ‘ओलाफ’ या नावाचे गेलिक जिभेवर घडलेले रूप. मेकॉलेचे पूर्वज स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांतले. आता हा ओलाफ तेथे कसा पोहोचला, ते पाहू.

आठव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेचे दर्यावर्दी या बेटांवर उतरले. ते प्रथम लुटीसाठी आले आणि पुढे तेथेच वस्तीला राहिले. स्थानिक गेलिक घराण्यांशी त्यांच्या सोयरिकी जुळल्या आणि एक मिश्र समाज उदयास आला. गेलिक लोक त्या बेटांना ‘परक्यांची बेटे’ म्हणू लागले.

बाराव्या शतकातील सोमरलेड हा या समाजाचा सर्वांत पराक्रमी पुरुष. त्याच्या वडिलांचे नाव गेलिक होते. त्याचे स्वतःचे नाव मात्र नॉर्स, अर्थ ‘उन्हाळ्यात सफरीस निघणारा’. मॅन बेटाचा राजा ओलाफ याची कन्या राग्नहिल्ड ही त्याची पत्नी. ११६४ साली रेन्फ्र्यूजवळ स्कॉटलंडच्या राजाच्या पक्षाशी लढताना तो पडला. त्याच्या डूगल या पुत्रापासून मॅकडूगल कुळ निघाले, तर डोनाल्ड या नातवापासून मॅकडोनाल्ड. गंमत अशी की, ‘डूगल’ या गेलिक नावाचा अर्थच ‘काळा परका’ असा आहे! मॅक्लाउड कुळाचा मूळ पुरुष लेओड, त्याचेही नाव नॉर्स वळणाचे.

१२६६ च्या पर्थच्या तहाने नॉर्वेने ४००० मार्क आणि वार्षिक १०० मार्क यांच्या मोबदल्यात ही बेटे स्कॉटलंडला दिली. मॅकडोनाल्डांची ‘बेटांचे अधिपती’ ही सत्ताही १४९३ साली संपुष्टात आली. दर्यावर्द्यांची नॉर्स भाषा तर तेथील घरांतून केव्हाच लोपली होती. नातवंडे गेलिक बोलत आणि ओलाफचे नाव तेवढे पुढे चालवीत.

वाचकहो, ही हकिगत परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना थोडी अंतर्मुख करते. आडनाव बापाकडून मुलाकडे आपसूक जाते. भाषेचे तसे नाही. ती घरात रोज बोलावी लागते.